एका माणसाची खोली

आमचे हे निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात एक पिशवी खांद्याला लावून आठ दिवसांसाठी फिरायला गेले, त्याला आता अडीच वर्षं होतील. आठाचे पंधरा दिवस झाले, पंधराचा महिना झाला, मग मी मोजणं सोडून दिलं. पळून गेले असं म्हणता येत नाही, कारण दर रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला त्यांचा फोन येतो. दुसरी बाई आहे असंही नाही. असती तर बरं झालं असतं, निदान भांडायला कोणीतरी मिळालं असतं. हे नुसते एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात, कोणाच्या तरी घरातली एक खोली घेतात, दोन-तीन आठवडे राहतात आणि पुढे सरकतात. एकटे.

चौतीस वर्षं ते तलावाची पातळी मोजण्याच्या खात्यात होते. सकाळी जाऊन पट्टी वाचायची, आकडा लिहायचा, वर कळवायचा, संध्याकाळी पुन्हा तेच. तलाव काही बोलत नाही आणि कोणाला काही विचारत नाही. घरी मात्र मी होते. मी बोलणारी बाई आहे, लपवून काय उपयोग? दारातून आत आले की मी सुरू: उशीर का झाला, तोंड का उतरलंय, कोणी काही बोललं का, काय विचार करताय. ते म्हणायचे, काही नाही. मग मी म्हणायची, काही नाही कसं, काहीतरी असणारच. अशी चौतीस वर्षं. मला वाटायचं, ज्याला आपण विचारतो त्याला आपलं माणूस म्हणतात. अजूनही वाटतं.

वरची खोली भाड्याने लावायची कल्पना मुलीची. ती दूर नोकरीला असते आणि तिथून फोनवर माझा संसार चालवते. म्हणाली, घरात माणूस दिसेल, तुझा वेळ जाईल. खोलीचे फोटो काढून तिने खोल्या भाड्याने देणाऱ्या एका साइटवर टाकले आणि आम्ही वाट बघत बसलो. कोणी येईना. आमचं घर चढावर आहे, बस थांब्यापासून ब्याण्णव पायऱ्या, गाडी दारापर्यंत येत नाही. मुलंबाळं असलेले लोक पायऱ्यांचा फोटो बघूनच पळायचे. जोडप्यांना तलावाकडे उघडणारी गच्ची हवी असायची. एक जोडपं आलं, पण ते साठाव्या पायरीवरच भांडलं आणि सामान न उघडता परत गेलं.

मग मुलीने कुठेतरी काय काय वाचलं आणि जाहीर केलं की आपली खोली एकट्या प्रवाशांसाठी आहे. हल्ली खूप लोक एकटे फिरतात म्हणे, आणि त्यांना कोणी धड विचारत नाही. सगळ्या खोल्या दोघांसाठी, सगळे दर दोघांचे. मी म्हटलं, कोणी मेल्याशिवाय माणूस सुट्टीला एकटा कशाला जाईल? मग माझ्याच लक्षात आलं की मी कोणाबद्दल बोलतेय, आणि मी विषय बदलला.

पहिल्या पाहुण्या दातांच्या डॉक्टर होत्या. बिचारी एकटी जेवणार म्हणून मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. दोन्ही वेळा बसले. घरी कोण कोण असतं, लग्न झालंय का, दात काढताना किळस येत नाही का, सगळं विचारलं. तिने सूप इतक्या घाईने संपवलं की तोंड भाजलं असणार. जाऊन तिने साइटवर लिहिलं, ‘घरमालकीणबाई प्रेमळ आहेत. फार प्रेमळ आहेत.’ मुलीने मला तो ‘फार’ फोनवर तीनदा वाचून दाखवला.

मी कानाला खडा लावला. मुलीने सांगितलं तसं एकेक करत गेले. थांब्यापासून घरापर्यंतच्या वाटेचे फोटो काढून पाठवले, म्हणजे एकट्या बाईला रस्त्यात कोणाला विचारत उभं राहायला नको. दाराला आतून भक्कम कडी लावून घेतली. पायऱ्यांवर दिवे लावून घेतले. मग गावात एकट्या माणसाने जेवायला कुठे जावं याची यादी करायची होती. मुलगी म्हणाली, तू स्वतः जाऊन बघ. मी जन्मात कधी एकटी बाहेर जेवले नव्हते. पर्स पोटाशी धरून पाच ठिकाणी जाऊन आले. एका ठिकाणी मला मोरीशेजारचं टेबल दिलं. दुसऱ्या ठिकाणी वाढणाऱ्याने तीनदा विचारलं, अजून कोणी येणार आहे का? तिसऱ्यांदा मी म्हटलं, हो, येणार आहेत, आणि समोरच्या खुर्चीवर पर्स ठेवून जेवले. ती दोन्ही नावं मी यादीतून काढून टाकली.

पण खोली खरी घडली ती रविवारच्या फोनवर. आमच्यात बोलायला होतं काय? तब्येत बरी, हवा बरी, मुलीचा फोन आला होता. तेवढ्यात दोन मिनिटं जायची. मग हे खोलीबद्दल सांगायला लागायचे. पातळीची नोंद करण्याची सवय. जिथे जातील तिथलं सगळं अगदी बारकाईने. इथे टेबल खिडकीशी आहे, पण दार पाठीशी येतं, त्यामुळे बसवत नाही. इथे खोलीतच किटली ठेवलीय, चहासाठी खाली जाऊन कोणाचं तोंड बघावं लागत नाही. इथे दिवा असा आहे की पडल्या पडल्या बंद करता येतो. इथल्या भिंतीवर घरच्यांचे फोटो आहेत, त्यांच्या समोर कपडे बदलल्यासारखं वाटतं. मी फोनशेजारी कागद ठेवला आणि लिहून घेऊ लागले.

सोमवारी मी कामाला लागायची. टेबल खिडकीशी, पण तिरकं, म्हणजे दारही दिसेल. किटली आली. दोन नाजूक कप काढून एक मोठा मग ठेवला. उशाशी दिवा आला. दारामागे खुंटी मारून घेतली, त्यांच्या उंचीच्या हिशेबाने. आमच्या लग्नाचा फोटो वरच्या भिंतीवर होता, तो उतरवला आणि खाली कपाटात उभा करून ठेवला. एका रविवारी ते म्हणाले, इथली बाई सारखी दार वाजवते, टॉवेल हवा का, अजून काही हवं का. मी दार वाजवणं बंद केलं. टॉवेल जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून उलट पावली खाली यायला शिकले.

मुलीने विचारलं असतं तर मी कबूल केलं नसतं, पण ती खोली मी पाहुण्यांसाठी करतच नव्हते.

पाहुण्यांना मात्र ती आवडायला लागली. पूल तपासणारा एक इंजिनिअर यायचा, तो चार दिवसांत माझ्याशी एकूण सात वाक्यं बोलला आणि जाताना म्हणाला की इतकं छान कुठे वाटलं नाही. कोडी सोडवणाऱ्या एक आजी यायच्या. कोणी लिहायला यायचं, कोणी रडायला. मी ओळखायची, पण तोंडाला कुलूप. तेही माझ्या, जी भाजीवाल्यालाही त्याच्या सासूची खबर विचारते. सुरुवातीला जीभ चावून धरायची. मग सवय झाली. साइटवर लोक लिहू लागले, ‘इथे तुम्हाला कोणी काही विचारत नाही.’ मुलगी म्हणाली, आई, तू कमाल केलीस.

कानाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एक बाई आल्या होत्या, माझ्याच वयाच्या. सात दिवस राहिल्या. निघायच्या दिवशी आपणहून स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्याला टेकून म्हणाल्या, घरी मला विचारणारी पाच माणसं आहेत, पाचही चांगली आहेत, म्हणून वर्षातून एकदा पळते. मी विळी बाजूला ठेवली आणि विचारलं, मग परत जावंसं वाटतं? त्या म्हणाल्या, वाटतं ना, कान थोडे शांत झाले की वाटतं.

हे वाक्य मी धरून ठेवलं. अडीच वर्षांत मला कोणी दिलेलं ते पहिलं सरळ उत्तर होतं. ह्यांना मी नको होते असं नाही, त्यांना माझं विचारणं नको होतं. आणि विचारणं तर मी सोडलं होतं. आता फक्त त्यांनी येऊन बघायला हवं होतं.

आणि ते आले. म्हणजे आपणहून नाही. निवृत्तिवेतनाच्या कचेरीने कळवलं की माणूस जिवंत आहे हे दाखवायला स्वतः येऊन सही करावी लागेल, फोनवर चालणार नाही. रविवारी फोनवर म्हणाले, मंगळवारी येतो, शुक्रवारी निघेन. मग म्हणाले, “खाली तलावाशी एखादी खोली बघू का? तुला त्रास नको.”

माझ्या तोंडात कोणीतरी मारल्यासारखं झालं. चौतीस वर्षं ज्या घरात राहिले तिथे यायला माणूस त्रास नको म्हणतो. पूर्वीची मी असते तर त्या एका वाक्यावर तासभर बोलले असते. मी म्हटलं, वरची खोली रिकामी आहे, तिथे उतरा.

ती रिकामी नव्हती. बुधवारी एक मुलगी यायची होती, तिला मी नाही म्हणून कळवलं. आणि साइटवर तारखा बंद करायला बसले. मंगळवार, बुधवार, गुरुवार बंद केले. मग बोट थांबेना. तो महिना बंद केला, मग पुढचा, मग वर्षाच्या अखेरपर्यंत सगळं बंद करून टाकलं. मुलीचा लगेच फोन आला. म्हणाली, बाबा तीन दिवसांसाठी येतायत ना? मी म्हटलं, हो. मग सगळं का बंद केलंस? मी म्हटलं, छत गळतंय, दुरुस्ती काढायची आहे. पोरगी माझीच आहे. ती म्हणाली, “बरं. पण आई, जास्त काही धरून बसू नकोस.”

मंगळवारी दुपारी ते आले. वाळले होते, पण रंग उजळला होता. चालणाऱ्या माणसासारखे दिसत होते. पायऱ्या चढून दम लागला नाही. मी दारात उभी होते. किती विचारायचं होतं मला. बूट नवे दिसतायत, कुठे घेतले? कपाळावर ही खूण कसली? तुम्हाला माझी आठवण येते का? मी म्हटलं, “या. प्रवास बरा झाला?” हे मी सगळ्यांना विचारते. किल्ली हातात दिली, वर जायची वाट सोडली आणि स्वयंपाकघरात येऊन नळ सोडून उभी राहिले.

वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग किटलीचा. मग काहीच नाही. संध्याकाळी खाली आले तेव्हा चेहरा सैल पडला होता. म्हणाले, जेवायला बाहेर जाऊ का, का इथेच आहे? मी म्हटलं, तुम्हाला हवं तसं. ते इथेच जेवले. मी समोर बसले नाही; ओट्याशी माझं काम करत राहिले. मीठ बरोबर आहे का ते विचारलं नाही. आणि काय सांगू, माणूस आपणहून म्हणाला, मीठ अगदी बरोबर आहे.

बुधवारी सही करून आले. गुरुवारी दिवसभर खिडकीशी बसून होते. दुपारी मी टॉवेल ठेवायला वर गेले तर गुणगुणत होते. ह्यांना गुणगुणताना मी कधी ऐकलं नव्हतं. तिथेच वरच्या पायरीवर मी टॉवेल मांडीवर घेऊन बसले आणि ऐकत राहिले. संध्याकाळी त्यांनी मला पूल कोसळलेल्या एका गावाची गोष्ट सांगितली, मग एका खोलीत मांजर कसं मागे लागलं ते सांगितलं, आणि हसले. मीही हसले. न विचारता माणूस इतकं बोलतो, हे मला साठी उलटल्यावर कळत होतं. खालच्या वळणावरची शिंपीण मला दुकानाच्या वाटेवर भेटली, म्हणाली, साहेब आले का कायमचे? मी म्हटलं, हो. सरळ हो म्हणून टाकलं, आणि घरी येईपर्यंत पायऱ्या जाणवल्या नाहीत.

एकच प्रश्न माझ्या पोटात होता, आणि तो मी दाबून धरला होता. थांबता का? दोन शब्द. मंगळवारपासून पन्नास वेळा ओठांवर आला. पण दोन वर्षं ज्याने त्याने मला एकच शिकवलं होतं, की एकट्या माणसाला विचारलं की तो जातो. मी म्हटलं, आता तीन दिवसांत घाई करून हे हातचं घालवायचं नाही. त्यांना आपलं आपणच वाटू दे.

शुक्रवारी सकाळी वर गेले तर दार उघडं होतं. पलंगावरची चादर काढून घडी करून ठेवली होती, उशीचा अभ्रा त्यावर. टॉवेल वेगळा गुंडाळून. चहाचा मग धुऊन पालथा घातलेला. टेबलावर किल्ली. चांगले पाहुणे असंच करतात. मी दारात उभी राहिले आणि मला उमगलं की माझ्या घरातून माझा नवरा चांगल्या पाहुण्यासारखा निघालाय.

पिशवी खांद्याला लावून ते खाली दाराशी आले. म्हणाले, “मी पुष्कळ खोल्या बघितल्या. इतकी चांगली कुठे नाही मिळाली. तुला कसं कळलं गं, एकट्या माणसाला काय काय लागतं ते?”

“लोक सांगतात,” मी म्हटलं.

“खरंच, खूप बरं वाटलं. अगदी कोणाकडे आल्यासारखं वाटलंच नाही.” बुटाची नाडी बांधायला ते पायरीवर बसले. मान खाली घालून म्हणाले, “येताना मला एकच धास्ती होती. तू विचारशील.”

“काय?”

“थांबता का म्हणून. तीन दिवस वाट बघत होतो, आत्ता विचारेल, मग विचारेल.”

मी म्हटलं, “आणि विचारलं असतं तर?”

नाडी बांधून झाली तरी ते तसेच बसून राहिले. ह्या माणसाने मला जन्मात खोटं सांगितलं नाही, तेवढाच एक दोष. म्हणाले, “मग जाणं जड गेलं असतं. बहुतेक जमलंच नसतं. तू अशी समोर उभी राहून विचारतेस ना, तेव्हा मला नाही म्हणता येत नाही, कधीच आलं नाही. पहिल्या वेळी म्हणून तर आठ दिवस असं सांगून गेलो.” मग उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मनापासून. “बरं केलंस.”

मी आत्ता विचारू शकत होते. ते उभे होते, बस सुटायला वीस मिनिटं होती, आणि कसं विचारायचं ते मला चौतीस वर्षं येत होतं. मी तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडून निघालं, “सव्वाअकराची बस खालच्या थांब्याला लागते. वळणावर डावीकडे वळा.”

“माहीत आहे मला,” ते म्हणाले आणि हसले, आणि उतरू लागले.

मी दारात उभी राहून त्यांना शेवटच्या पायरीपर्यंत जाताना बघितलं. ते वळून बघत नाहीत हे मला ठाऊक होतं. मी रडले, मोठ्याने रडले, घरात कोणी नव्हतं म्हणून दारही लावलं नाही. त्यांना थांबवू शकेल असं माझ्याकडे एवढंच होतं, ते त्यांच्या पुढ्यात उभं राहून जड होणं. आणि तेच मी कागदावर लिहून घेऊन, खुंट्या मारून, फोटो उतरवून, स्वतःच्या हाताने घरातून काढून टाकलं होतं. घर मी इतकं हलकं केलं होतं की त्यातून कोणीही सुखाने निघून जावं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. मी छताबद्दल काही बोलले नाही आणि तिनेही विचारलं नाही. सोमवारपासून तारखा उघडते, एवढंच म्हणाली. मी म्हटलं, उघड.

सोमवारी दुपारी एक बाई आल्या, एकट्याच. दोन तासांनी खाली येऊन म्हणाल्या की खोली इतकी छान आहे की त्या अजून चार दिवस राहणार आहेत.